बंद कोळसा खाणीच्या आम्ल पाण्याला तिसऱ्यांचे शिंपले चालतील का?

प्रश्न (मालवण): इथे तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांचे ढीग पडून आहेत. बंद भूमिगत खाणीतून तांबूस पाणी झिरपतं, तिथे आम्लता मारायला चुनखडीऐवजी ते वापरता येतील?

उत्तर १: येतील. न्यूझीलंडच्या स्टॉकटन कोळसा खाणीत शिंपलेच वापरलेत. पण आधी पाणी तपासून घ्या. भारतातल्या बहुतेक कोळशात गंधक कमी, त्यामुळे सगळंच खाणपाणी आम्ल नसतं. आसामच्या माकूम पट्ट्याची गोष्ट वेगळी. आम्लता (चुनखडीच्या हिशेबात) लिटरला २०० मिलिग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला १ लिटर धरला, तर दिवसाला साधारण १७ किलो, म्हणजे वर्षाला ६ टनांवर शिंपले विरघळतील.

उत्तर २: हवा लागली की पाण्यातल्या लोहाचा तांबडा लेप शिंपल्यांवर बसतो आणि आतला चुना वाया जातो. म्हणून शिंपले चरात भरा आणि तो चर प्लास्टिक आणि चिकणमातीने झाकून हवाबंद करा. पाणी आत १५ तास राहायला हवं. सेकंदाला १ लिटर प्रवाहाला शिंपल्यांमधली ५४ घनमीटर पोकळी लागेल. पुढे निवळण्याचं तळं हवंच, लोह तिथे खाली बसतं. पाण्यात अॅल्युमिनियम असेल तर मात्र असा बंद चर करूच नका, तुंबतो.

प्रश्नकर्ता: आणि शिंपल्यांतलं मीठ?

उत्तर १: एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघू द्या. दादा, खचलेल्या जमिनीच्या भेगाही बुजवा, नाहीतर पावसाचं पाणी खाणीत उतरतच राहील. तळाला मोठे दगड, वर मुरूम, शेवटी चिकणमाती दाबून थोडा उंचवटा ठेवा.