मदत हवी आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी पुरवणी छापील जाहिरातीत कुणी पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आमच्या खेळगटासाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या काळावर टिपण लिहितोय आणि कधीच न आलेल्या पाचव्या पुरवणीपाशी (पुरवणी म्हणजे मूळ नियमांत भर घालणारं पुस्तक) अडलोय. इथे जुने खेळ जमवणारे, अमेरिकेत राहणारे बरेच सभासद आहेत, म्हणून विचारतो.

१९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाहून टीएसआर या कंपनीने हा खेळ काढला, तेव्हा पहिल्या छपाईच्या प्रती होत्या जेमतेम १०००. आज आपण त्याला रोलप्लेइंग (प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) म्हणतो, पण पेटीवर स्वतःची ओळख त्याने युद्धखेळ अशीच करून दिली होती. या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं १९७१ चं 'चेनमेल' हे युद्धखेळाच्या नियमांचं पुस्तक खेळणाऱ्याजवळ असणार, हेही धरून चाललेलं. म्हणून मी या पुरवण्या युद्धखेळाच्याच मानतो.

'ग्रेहॉक' आणि 'ब्लॅकमूर' १९७५ मध्ये आल्या, 'एल्ड्रिच विझार्ड्री' आणि 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' १९७६ मध्ये. चौथीत आपल्या देवांचंही एक प्रकरण आहे, हिट पॉइंट्ससकट (पात्र किती मार सोसू शकतं याचा आकडा)! ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच पान उघडून बसलो होतो. तिच्या प्रस्तावनेत टीएसआरचे संपादक टिम कास्क यांनी विचारलंय की खुद्द ओडिनचे हिट पॉइंट्स ३०० असतील, तर ४४व्या पातळीच्या सरदाराला कोण गंभीरपणे घेणार? मला हे फार पटतं.

क्रमांक इथेच थांबतात. 'स्वोर्ड्स अँड स्पेल्स'सुद्धा १९७६ चंच, पण त्यावर पुरवणीचा क्रमांक नाही, म्हणून मी ते पाचवं धरत नाही. संग्राहकांच्या बोलण्यात पाचवी म्हणून नाव येतं ते रॉब कुन्ट्झ यांच्या 'कालिब्रून'चं. 'ग्रेहॉक'चे आणि चौथीचे ते सहलेखक, आणि कालिब्रून हे त्यांनी स्वतः रचलेलं जग. १९७७ मध्ये ते टीएसआरमधून बाहेर पडले आणि पुस्तक काही आलं नाही.

तर प्रश्न असा: टीएसआरच्या १९७६-७७ च्या कॅटलॉगमध्ये, त्यांच्याच 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात किंवा त्यानंतरच्या 'द ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्या वर्षाच्या अंकांत 'कालिब्रून'ची जाहिरात किंवा साधा उल्लेख कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? मला छापील पुरावा हवा आहे. स्कॅनमधून बऱ्याचदा जाहिरातींची पानंच गाळलेली असतात, आणि नेमकी तीच मला बघायची आहेत.

'ग्रेहॉक'बद्दलही असंच कुतूहल आहे. पुस्तकाला गायगॅक्स यांच्या खेळातल्या काल्पनिक किल्ल्याचं नाव, आत चोर आणि पॅलाडिन (धर्मवीर योद्धा) हे पात्रांचे नवे प्रकार आले, पण ज्या तळघरांत गायगॅक्स आणि कुन्ट्झ खेळ चालवायचे त्यांचे मूळ नकाशे त्यात नाहीत. गायगॅक्स २००८ मध्ये गेले, तोवर त्या किल्ल्याचा थोडासाच भाग, तोही दुसऱ्या नावाने, बाहेर आला होता. किल्ला वेगळा छापू असं त्या काळी कुठे लिहून दिलेलं असेल, तर तेही सांगा.

रॉचेस्टरच्या (न्यूयॉर्क राज्य) आसपास कुणी राहत असेल तर विशेष विनंती. तिथल्या 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयात ग्रंथालय आहे. तिथे जमल्यास वरचे कॅटलॉग आहेत का एवढं विचारून पाहाल का? प्रती काढण्याचा खर्च मी देईन. फोटो टाकताना अंकाची तारीख आणि पान क्रमांक दिसेल असं बघा, म्हणजे टिपणात नीट नोंदवता येईल.