नवरा गेल्यावर बहिणीला कुठल्या सरकारी योजना मिळतील? एजंट सहा हजार मागतोय (भांडुप)

टेंभीपाडा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण प्लीज वाचा. माझी मामेबहीण इथेच भांडुप पश्चिमेला राहते, वय ३६. तिचा नवरा मार्चमध्ये अचानक गेला, हार्ट अटॅक. बिल्डिंगच्या रंगकामाला जायचा ठेकेदाराकडे, पीएफ वगैरे काही नव्हतं. मागे मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत आणि ६८ वर्षांची सासू. चाळीतली खोली सासऱ्यांच्या नावावर आहे त्यामुळे भाडं नाही, तेवढाच आधार. बहीण तीन घरी पोळ्या-भाजी करते, महिन्याला ९ हजारांच्या आसपास हातात येतात. त्यात चार माणसं, मुलीचा क्लास, सासूच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, तुम्हीच बघा कसं भागत असेल.

आता प्रश्न. गल्लीतला एक एजंट तिला म्हणतोय ६ हजार दे, तुझं संजय गांधी (निराधारांचं महिन्याचं अनुदान), सासूचं श्रावणबाळ (म्हाताऱ्या माणसांचं), मुलांचं पण जे काय असेल ते सगळं करून देतो, उत्पन्न आपण वर्षाचं २० हजार दाखवू, आत आपला माणूस आहे. ती पैसे द्यायला निघालीच होती, मी थांबवलंय. तिला लाडकी बहीणचे १५०० येतात, एजंट म्हणतो ते पण चालू राहतील आणि संजय गांधीचे वेगळे येतील. हे खरं आहे का? आणि आपलं आपण करायचं तर सुरुवात कुठून करायची? कामाला दांडी पडली की पैसे कापतात तिचे, त्यामुळे जे खरंच मिळण्यासारखं आहे त्याच्याच मागे लागायचंय.

घाटकोपरची_ताई

दादा, थांबवलंत ते फार चांगलं केलंत. मी आमच्या वस्तीतल्या बायकांचे हेच फॉर्म भरून देते म्हणून सविस्तर लिहिते.

संजय गांधी निराधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. वर्षाचं हं, महिन्याचं नाही. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. तुमची बहीण महिन्याला ९ हजार धरले तर वर्षाला १ लाख ८ हजार कमावते, ती यात बसतच नाही. मुंबईत एका घरची धुणीभांडी करणारी बाई सुद्धा बसायची नाही आणि तरी हा आकडा वर्षानुवर्षं तिथेच आहे. २०२३ ला रक्कम १००० वरून १५०० केली, पण उत्पन्नाची अट हलली नाही, मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण ज्या बाईला खरी गरज आहे तिला सरकारच खोटा दाखला काढायला ढकलतं आणि मग मधे हे एजंट उभे राहतात. पण खोटा दाखला काढू नकाच. उद्या तपासणी झाली तर पैसे बंद होतात, वसुली निघू शकते, आणि सही तिची असते, एजंटची नाही.

लाडकी बहीणचं, तो धादांत खोटं बोलतोय. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. संजय गांधीचे पण १५००च आहेत. म्हणजे ६ हजार मोजून ती एका खिशातले १५०० काढून दुसऱ्या खिशात टाकणार. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे, तिथे ती नीट बसते, तेच चालू ठेवा. फक्त तिची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) झालीये का बघा, त्यात नवऱ्याचं आधार मागतात आणि ज्यांचा नवरा हयात नाही त्यांना मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं होतं. त्यांच्या अंगणवाडीत जाऊन विचारा.

आता खरं काम. मुलांसाठी बालसंगोपन योजना. महिला व बालविकास विभागाची आहे, तहसीलदाराची नाही, म्हणून लोकांना माहीतच नसते. आई किंवा वडील एकच उरले असतील तर १८ वर्षांपर्यंत एका मुलाला महिन्याला २२५० मिळतात. दोघांचे ४५०० झाले, म्हणजे तिच्या पगाराच्या निम्मे! उत्पन्नाचा दाखला इथे पण जोडावा लागतो पण ती २१ हजाराची अट नाही, त्यामुळे खरा दाखला जोडा, बिनधास्त. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, तुमचा जिल्हा मुंबई उपनगर. मंजुरी बालकल्याण समिती देते, उपनगराची समिती मानखुर्दच्या बालगृहात बसते. तिथे आईला मुलांना घेऊन बोलावतात, त्या दिवशी मुलांना शाळेला सुट्टी पडणार हे धरून चला.

कागद म्हणाल तर मृत्यूचा दाखला, तिघांची आधार, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि घरासमोर उभं राहून आई आणि मुलांचा फोटो. त्या फोटोवरून बरेच अर्ज परत येतात, लोक स्टुडिओतला पासपोर्ट साईज देतात. दारात उभं राहून मोबाईलवर काढला तरी चालतो, फक्त घर दिसलं पाहिजे.

नाका_कामगार

वरच्या ताईंनी मुलांचं सांगितलं ते बरोबर, मी नवऱ्याच्या बाजूने सांगतो कारण ते कोणीच बघत नाही.

रंगकाम म्हणजे पेंटर हा बांधकाम कामगारात येतो. त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का ते आधी शोधा. घरात स्मार्ट कार्ड किंवा पावती असेल, भांड्यांचा संच मिळाला होता का विचारा, मिळाला असेल तर नोंदणी नक्की होती. नोंदणी आणि नूतनीकरण चालू असताना कामगार गेला तर नैसर्गिक मृत्यूला वारसाला २ लाख आहेत आणि विधवेला वर्षाला २४ हजार असे ५ वर्षं मिळतात. मुलांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. नोंदणी नसेल तर गेल्यानंतर करता येत नाही, आणि कोणी मागच्या तारखेने करून देतो म्हणाला तर सरळ दाराबाहेर काढा.

दुसरं, त्याच्या बँकेचं पासबुक भरून आणा, निदान दोन वर्षांचं. मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती विमा आहे, २ लाख मिळतात, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी. २० रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा, पण तो अपघातालाच लागतो, हार्ट अटॅकला नाही. बऱ्याच लोकांचं खातं उघडताना बँकेने फॉर्मवर सही घेतलेली असते आणि बायकोला पत्ताच नसतो. ४३६ दिसले तर त्याच ब्रँचला जाऊन क्लेम फॉर्म मागा आणि लगेच भरा, यात उशीर नको.

आणि बहिणीची स्वतःची घरेलू कामगार म्हणून नोंदणी करा, २००८ च्या कायद्याने मंडळ आहे. बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवनला चौकशी होते. लगेच मोठं काही हातात पडणार नाही पण नोंदणी असलेल्या बाईला ५५ पूर्ण झाल्यावर १० हजार सन्मानधन आहे, आणि मुळात ती कामगार आहे याचा सरकारी कागद तयार होतो.

मुलुंड_लोकल

तहसीलच्या कामाबद्दल थोडं. भांडुप कुर्ला तालुक्यात येतं पण कुर्ला तहसील कार्यालय मुलुंड पश्चिमेला आहे, लोक नाव वाचून कुर्ल्याला उतरतात आणि दिवस जातो. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आपले सरकार पोर्टलवर घरून पण भरता येतो, सेतूत (दाखल्यांच्या केंद्रात) जायलाच पाहिजे असं नाही. सेवा हक्क कायद्यात उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, त्याच्या वर गेलं तर त्याच पोर्टलवर अपील करता येतं. अजून एक, दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प पेपर लागत नाही, ते माफ आहे. बाहेर टेबल टाकून बसलेले तरी सांगतात लागतो म्हणून. देऊ नका.

सासूबाईंचा अर्ज मात्र तहसीलला करा, श्रावणबाळचा. ६५ च्या वर आहेत, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, जुनं रेशन कार्ड किंवा मतदार यादी चालते. उत्पन्नाची अट तीच २१ हजार, पण आजींना स्वतःची कमाई नाही, मुलगा गेलाय. त्यांच्या नावाने वेगळा उत्पन्नाचा दाखला मागा आणि घरची परिस्थिती आहे तशी सांगा, सुनेचं काम लपवू नका. मंजूर झालं तर १५०० येतील आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल.

रेशन कार्ड वेगळं करून घ्या म्हणजे अट बसते, असं पण सुचवतात लोक.

घाटकोपरची_ताई

ते वेगळं रेशन कार्डवालं नका करू प्लीज. एकाच खोलीत एकाच चुलीवर जेवतात, चौकशीला माणूस आला की लगेच कळतं आणि मग आजींचा अर्ज तर जातोच, वर मुलांच्या बालसंगोपनला जोडलेलं रेशन कार्ड पण संशयात येतं. त्यापेक्षा आहे त्या कार्डातून नवऱ्याचं नाव कमी करा. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणजे सासूबाई.

मुलुंड_लोकल

हो ताई, मी फक्त लोक काय सांगतात ते लिहिलं होतं. नाव कमी करणंच बरोबर.

टेंभीपाडा_पोरगा

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, बालसंगोपनचं ऐकून ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. एजंटला नाही सांगून टाकलंय.

पासबुक बघितलं, ४३६ कापलेत!! बँकेत जातोय. बांधकामाचं कार्ड मात्र सापडत नाहीये, भांड्यांचा संच पण नव्हता मिळाला, त्यामुळे नोंदणी नसावी.

एक अडचण आहे. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव चुकलंय, वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आणि आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. हे असंच जोडलं तर चालेल का? आणि सासूला मोतीबिंदू सांगितलाय, कार्ड केशरी आहे तर ऑपरेशन कुठे फुकट होईल?

माईची_लेक

नाव आधी दुरुस्त करा, बाकी सगळं त्यानंतर. क्लेम, बालसंगोपन, रेशन, सगळीकडे हाच दाखला जाणार आहे आणि प्रत्येक टेबलवर तोच प्रश्न निघेल. मुंबईत मृत्यूची नोंद घराच्या पत्त्यावर होत नाही, मृत्यू जिथे झाला त्या वॉर्डात होते. म्हणजे हॉस्पिटल दुसऱ्या वॉर्डात असेल तर भांडुपच्या एस वॉर्डला जाऊन उपयोग नाही, हॉस्पिटल ज्या वॉर्डात आहे तिथल्या आरोग्य खात्यात अर्ज द्या. आधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून पत्र घ्या की नाव लिहिताना चूक झाली, सोबत त्याचं आधार आणि पॅन. मग दुरुस्त दाखल्याच्या सहा-सात प्रती एकदमच काढून ठेवा. बँकेत मात्र आजच कळवा की मृत्यू झालाय आणि दाखला दुरुस्तीला दिलाय, तोंडी नको, अर्जावर पोच घ्या.

मोतीबिंदूसाठी महापालिकेचं मोठं हॉस्पिटल बघा, सायन नाहीतर केईएम. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, केसपेपर काढा आणि तिथल्या समाजसेवा विभागात वैद्यकीय समाजसेवक बसतात त्यांना भेटा, लेन्सच्या खर्चाचं तेच मार्गी लावतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना पण लक्षात ठेवा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि २०२४ पासून कार्डाचा रंग बघत नाहीत. मोठं आजारपण आलं तर त्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) काउंटर असतं, ॲडमिट होतानाच तिथे जायचं, बिल भरल्यावर जाऊन काही होत नाही. चौकशीचा नंबर १५५३८८.

घाटकोपरची_ताई

एक राहिलं. बालसंगोपनचे पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे बँकेत "आधार लिंक आहे का" एवढंच विचारू नका, "या खात्याला डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का" असं विचारा, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात पडतील असं जोडलंय का. लिंक असतं पण सीडिंग दुसऱ्याच जुन्या खात्याला असतं आणि पैसे तिकडे जाऊन पडतात. बहिणीचे लाडकीचे पैसे ज्या खात्यात येतात तेच सीड झालेलं आहे, तेच द्या. मुलांची खाती आईबरोबर जॉइंट काढून ठेवा.

दोन्ही मुलांचं बोनाफाईड शाळा चालू असतानाच घ्या, सुट्टी लागली की क्लार्क भेटत नाही. आणि अर्ज दिल्यावर पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मानखुर्दला जायच्या आधी मला इथे मेसेज करा, कागद एकदा नजरेखालून घालते.