चौथीचा निकाल घसरला की वर्गातली मुलं बदलली? हे तपासायचं कसं?

पंचगंगाकाठ:
हातकणंगले तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. व्यवस्थापन समितीपुढं चौथीच्या संकलित (सत्राअखेरच्या) चाचणीचे गुण आले, सरासरी गेल्या वर्षापेक्षा बरीच खाली. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, गुरुजींचं लक्ष नाही. दुसऱ्याचं म्हणणं, एमआयडीसीतल्या कामगारांची आणि ऊसतोडवाल्यांची पोरं वर्गात आली म्हणून असं झालं. शाळा विकास आराखड्यात काहीतरी ठोस लिहायचं आहे. कोणते कागद मागवायचे आणि पट, प्रवर्ग, हजेरी, गुण एकत्र कसे मांडायचे?

खडूफळा:
जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल-खारीजची नोंदवही), हजेरीपट, पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीची) आणि दोन्ही संकलित चाचण्यांचे गुण, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका. चारही घ्या. एका मुलाला एक ओळ: अनुक्रमांक (नाव नको), मुलगा की मुलगी, दाखल दिनांक, घरात बोलतात ती भाषा, हजेरी, तिसरीतले गुण, या वर्षीचे गुण. हजेरीचे टक्के काढताना ते मूल दाखल झाल्यानंतरचेच कामाचे दिवस धरा. जानेवारीत आलेल्या मुलाला जूनपासूनच्या दिवसांनी भागलं तर ते उगाच गैरहजर दिसतं.

मग जुनी मुलं आणि वर्षात नव्यानं आलेली मुलं वेगळी करा. समजा वर्गात २० मुलं आहेत. जुन्या १६ जणांची सरासरी ७० टक्के, नव्या चौघांची ३५. सगळ्यांची मिळून ६३ येते. सरासरी सात अंकांनी खाली आली, पण जुन्या मुलांची स्वतःची सरासरी ७० वरच आहे. उलट जुनी १६ पण स्वतःच्या तिसरीच्या मानानं मागं पडली असतील, तर कारण शाळेतच शोधावं लागेल, ऊसतोड टोळ्यांत नाही. गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी ही मुळात वेगळी मुलं, ती तुलना सोडून द्या. प्रगतिपुस्तकातली श्रेणीही धरू नका. तिसरी-चौथीला तिच्यात आकारिकचे (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे) ६० टक्के असतात आणि संकलितचे ४०, त्यामुळं लेखी चाचणीतली घसरण झाकली जाते.

केंद्रस्तर:
पटाचा घोळ आधी निस्तरा. यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद) आणि संचमान्यता (शाळेला किती शिक्षक ते ठरवणं) यांसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. टोळ्या येतात कारखान्यांचा हंगाम सुरू होताना, म्हणजे दसरा-दिवाळीनंतर. मूल इथं बाकावर बसतं आणि नाव मात्र बीडकडच्या शाळेत राहतं. शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. ही मुलं त्या मोजणीतच येत नाहीत, भार मात्र त्याच दोन गुरुजींवर पडतो. समितीच्या इतिवृत्तात महिन्याच्या महिन्याला प्रत्यक्ष बसणारी मुलं लिहून ठेवा.

दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावंच लागतं. नऊ वर्षांचं मूल अक्षरं न ओळखता चौथीत येईल, हे कायद्यानंच गृहीत धरलं आहे, म्हणून विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते वर्ग होतात का, हे समितीनं विचारायचं. १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो याच कोल्हापुरात. बाहेरची पोरं म्हणून त्यांना हिशोबातून वगळणं आपल्याला शोभत नाही.

शून्यहातचा:
सगळ्यात जास्त माहिती उत्तरपत्रिकेत असते, आणि तीच कुणी उघडत नाही. ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहिलेलं दिसलं, तर मूल सातातून दोन आणि चारातून एक वजा करतंय. मोठ्या अंकातून लहान काढायचा एवढंच त्याला कळलंय, दशक मोकळा करणं कळलेलं नाही. काड्यांचे दहाचे गठ्ठे सोडून दाखवले की पंधरवड्यात फरक पडतो. अशा चुका जुन्या मुलांतही भरपूर असतात.

शाब्दिक उदाहरण कोरं सोडलं असेल, तर तेच मुलाला वाचून दाखवा. ऐकून सोडवलं तर अडचण वाचनाची, गणिताची नव्हे. घरी लमाणी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांत हे हमखास आढळतं. वाचनासाठी दुसरीच्या बालभारतीतला एक परिच्छेद द्या. परिच्छेद नाही जमला तर वाक्य, मग शब्द, मग अक्षर. मूल जिथं अडखळतं ती पातळी तक्त्यात लिहा. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात.

पंचगंगाकाठ:
कळलं. प्रवर्गनिहाय मांडणी मात्र पंचायत समितीकडूनही विचारतात. ती कशी करू?

खडूफळा:
करा, पण एका वर्गाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. २० मुलांत एक मूल म्हणजे ५ टक्के. प्रवर्गात तीनच मुलं असतील तर एक जण तापानं चाचणीला आला नाही की चित्र उलटतं. तीन वर्षांची मुलं एकत्र धरा, जमल्यास अख्ख्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची. तरीही फरक उरला तर तो खरा धरा आणि दडपू नका. पण आधी हजेरी जुळवून बघा. ८० टक्क्यांच्या वर हजेरी असलेल्या मुलांत तो फरक टिकतो का? हा तक्ता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. गावात तीन मुलं कोणाची, हे नाव नसलं तरी ओळखतात.

केंद्रस्तर:
आराखड्यात "गुणवत्ता वाढवणे" असं लिहू नका, त्यावर पुढं कुणी विचारत नाही. लिहा: तिसरी-चौथीची अमुक मुलं शब्दपातळीवर आहेत, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट, दर महिन्याला फेरतपासणी. आणि हंगाम संपून टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक मुलाला शिक्षण हमी कार्डासोबत (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून स्थलांतरित मुलांना देतात ते) त्याची वाचनाची आणि गणिताची पातळी लिहून द्या, म्हणजे तिकडच्या गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.