बैठकीत मिटलं, पण मनातून जाईना. समुपदेशकाकडं जावं का?

लातूरकरीण:
यांनी शेअर बाजारात ऑप्शनच्या नादी लागून पैसे घालवले, अन् मला न विचारता माझ्या पाटल्या गहाण टाकल्या. लिलावाची नोटीस घरी आली तेव्हा कळलं. मामांनी बैठक बसवली, "झालं गेलं सोडा" म्हणले, चहा पिऊन उठले. पाटल्या सुटल्या. पण यांचा फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. काही विचारलं की हे सरळ गच्चीवर जाऊन बसायलेत. समुपदेशकाकडं तरी वेगळं काय होतं? तिथंबी "सांभाळून घ्या"च ऐकायचं का?

नांदेडचा भाऊ:
ताई, घरातलं घरातच ठेवा. परक्याला पैसे देऊन भांडण सांगायचं म्हणजे अवघडच.

परभणीकर:
भाऊ, बैठकीत तरी अर्धं गाव असतंच की! आम्ही दोघं जाऊन आलोय, म्हणून लिहितो. (आमचं कारण वेगळं होतं, ते असू द्या.) आधी दोघांना समोर बसवलं, मग एकेकाला वेगळं. चूक कुणाची, हा निवाडा मॅडमनी शेवटपर्यंत दिला नाही. बायकोला त्याचा रागच आला होता.

तुमच्या गच्चीवरून आठवलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचं भांडण चालू असताना नाडीचे ठोके मोजले होते. ठोके शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही, शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून आम्हाला नियम घालून दिला: उठायचं तर "अर्ध्या तासानं बोलू" असं सांगून उठायचं, अन् परत यायचंच. बायकोनंही तेवढा वेळ मागं मागं यायचं नाही. पहिले काही दिवस घड्याळाकडं बघत बसायचो, हसू यायचं.

पैशाच्या बाबतीत विचाराल तर बँकेचं स्टेटमेंट तुम्ही मागायच्या आधी त्यांनी दाखवायला पाहिजे. मागून दाखवलं तर ती झडती होते.

बीडची वहिनी:
ट्रेडिंगचा नाद अजून असेल तर त्याचा इलाज वेगळा करावा लागतो, नुसत्या जोडीच्या समुपदेशनानं भागत नाही. विचारायचं असेल तर टेली मानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. अन् हात उचलत असतील तर दोघांनी एकत्र बसूच नका, आधी १८१ ही महिला हेल्पलाइन लावा.

लातूरकरीण:
नाही वहिनी, हात कधीच उचलला नाही. काल हे सगळं यांना वाचून दाखवलं. ऑनलाइन असेल तर बसतो म्हणले. मामांना मात्र कळू द्यायचं नाही, एवढी अट आहे.