उत्तर: जुलैअखेर पुण्यात मुलांसाठी लेक्चर (पालकांशिवाय!)

नमस्कार मंडळी,

सुट्टीत आपल्यातली बरीच कुटुंबं पुण्याला जाणारेत म्हणून विचारते. इकडे जर्मनीत ट्युबिंगेनला मुलांना युनिव्हर्सिटीत नेऊन बसवतात ना, किंडर-उनी म्हणजे मुलांची युनिव्हर्सिटी, तसं काहीतरी पुण्यात एखाद्या रविवारी जमेल का? म्हणजे आपली मुलं आणि तिकडची मामे-चुलत भावंडं एकत्र बसतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००२ मध्ये तिथल्या लोकल पेपरच्या दोन पत्रकारांनी युनिव्हर्सिटीला धरून हे सुरू केलं, खरे प्रोफेसर, खरा लेक्चर हॉल, ऐकणारे आठ ते बारा वर्षांचे, आणि विषय म्हणजे सरळ प्रश्नच. ज्वालामुखी आग का ओकतात, काही लोक गरीब आणि काही श्रीमंत का, माणसं का मरतात, शाळा एवढी बोअर का (हेही प्रोफेसरच सांगणार!). संपलं की टाळ्या नाहीत, इथल्या स्टुडंट्ससारखं बाकावर टकटक करायचं, आमच्या धाकट्याचा सगळा जीव त्या टकटकीत. आणि बऱ्याच ठिकाणी पालकांना हॉलमध्ये घेतच नाहीत, मला वाटतं खरी मजा तिथेच आहे.

कोणी पुण्यातून मदत करेल का?

– श्टुटगार्टहून ताई

*

ताई, वेगळं कशाला करतेस? आयुकात, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची लेक्चर्स कित्येक वर्षं चालू आहेत, इंग्लिशमध्ये पण आणि मराठी-हिंदीत पण. शिवाय तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, सुनीताबाईंनी पु.लं.च्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती इमारत झाली. २८ फेब्रुवारीला सायन्स डेला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. फक्त शनिवारची लेक्चर्स हायस्कूलच्या मुलांसाठी असतात आणि मुलं शाळांकडून येतात, त्यामुळे तुमची आठ-नऊ वर्षांची पाहुणे मंडळी त्यात बसणार नाहीत, हे खरं. आणि 'माणसं का मरतात' असलं तत्त्वज्ञान वगैरे मुलांना? माफ कर, मला तर दहावीनंतरही झेपलं नव्हतं.

– बाणेरहून (पाच वर्षं तिकडे राहून परत आलेला) दादा

*

अगं ताई, दादाचं मनावर घेऊ नकोस. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, मला विचारशील तर पोरांना तत्त्वज्ञान मोठ्यांपेक्षा लवकर येतं, कारण त्यांना अजून लाज नसते.

विषय मी सुचवतो: धूर दिसला म्हणजे आग असतेच का?

न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे. आपण डोंगराच्या जागी सिंहगड घ्यायचा. पावसाळ्यात वर धूर दिसला की कणीसवाल्या मावशींची शेगडी पेटली हे चौथीतलं पोरही सांगेल. मग विचारायचं, आग तर दिसली नाही, तुला कसं कळलं? 'जिथे धूर तिथे आग' हा नियम ते स्वतःच्या तोंडाने सांगतं, आपण काही शिकवायचं नाही. मग उलटं विचारायचं, जिथे आग तिथे धूर असतोच का? गॅसवर वाढलेली पोरं लगेच नाही म्हणतील. नैयायिकांकडे, म्हणजे त्या न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, गॅस नव्हता, ते लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा दाखवायचे, आग आहे, धूर नाही, आणि म्हणायचे की धुरासाठी नुसती आग पुरत नाही, ओलं इंधन लागतं.

आता मेणबत्ती लावायची आणि फुंकायची. ज्योत गेली, धूर आहे. बोला! नियम मोडला का? कोणीतरी ओरडणार, 'अहो पण आत्ताच होती ना आग!' मग 'आत्ताच' चालतं का? सिंहगडावरची पण आत्ताच विझली असेल तर? इथे पोरांना दहा मिनिटं खुशाल भांडू द्यायचं. भांडण रंगात आलं की पेटती काडी वातीला न लावता जरा वर त्या धुरातच धरायची, ज्योत धुरावरून खाली धावते आणि वात परत पेटते, कारण तो धूर म्हणजे मेणाच्या वाफेचे गार होऊन झालेले बारीक कण, म्हणजे इंधनच. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने हे मुलांसमोर करून दाखवलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ मध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली, त्यात १८६० च्या नाताळात त्याने नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. सहा! आणि आपल्याकडे एका तासात सिलॅबस संपवायची घाई.

– औंधहून काका

*

काका, मानलं. पण पालक बाहेर हे पुण्यात कसं जमवणार? १८७५ ला न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या गावाला व्याख्यान ऐकायची सवय आहे, आणि ऐकल्यावर 'प्रश्न विचारतो' म्हणून उभं राहून दुसरं व्याख्यान द्यायची त्याहून जास्त. आजोबा लोक तर आधी येऊन पहिल्या रांगेत बसतील. आया मागून 'विचार ना, तुला येतं ना' करत ढोसतील ते वेगळंच.

– दादा

*

म्हणूनच बाहेर ठेवायचे. प्रश्न हॉलमध्ये सुचला नाही तर पोस्टकार्ड द्यायचं घरी न्यायला. नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आपण तेच करू, उत्तरं मी लिहीन, रिकामाच आहे. ताई, तुमची मुलं जर्मनमध्ये भांडली तरी चालेल, भावंडं समजून घेतील. आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस मिळतंय. एकच अडचण, धुराची रेघ सरळ हवी म्हणून प्रयोगाच्या वेळी पंखे आणि एसी बंद ठेवावे लागतील.

– काका

*

बंद हॉल, जुलै महिना, चाळीस पोरं आणि पंखा नाही. काका, पालकांचा प्रश्न सुटला, कोणी आत येतच नाही.

– दादा