मदत हवी आहे: पुण्यात पिकलबॉलसाठी सार्वजनिक कोर्ट, मागणी कुठे आणि कशी करायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात (पुणे, सिंहगड रस्त्याची बाजू) पिकलबॉल खेळणारे आता चांगले तीस-पस्तीस जण झालेत आणि खेळायला धड जागा नाही. महापालिकेच्या मालकीच्या एखाद्या जागेवर सर्वांना खुलं असं कोर्ट मिळावं म्हणून आम्ही अर्ज करणार आहोत. तो कोणाकडे करायचा, त्यात काय मागायचं, काय मुद्दाम मागायचं नाही, हे अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचं आहे. पिकलबॉलचाच अनुभव हवा असं नाही. व्हॉलीबॉलचं मैदान, बॅडमिंटन हॉल, ओपन जिम, पालिकेकडून खेळाची कुठलीही सोय ज्यांनी करून घेतली आहे, त्यांनी कृपया लिहा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. कोर्ट वीस फूट बाय चव्वेचाळीस, म्हणजे बरोबर बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढं. नेट मात्र खाली, मध्यभागी ३४ इंच. टेबल टेनिसच्या बॅटची मोठी बहीण शोभेल अशी पॅडल आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू. सर्व्हिस कमरेखालून करायची, त्यामुळे खांद्यावर ताण येत नाही. नेटला लागून दोन्ही बाजूंना सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात. तिथे उभं राहून चेंडू टप्पा पडायच्या आधी मारता येत नाही. त्यामुळे नेटवर चढून धडाधड मारणाऱ्याचं फार चालत नाही. अकरा गुणांचा गेम असतो आणि दोन गुणांची आघाडी लागते. पंधरा-वीस मिनिटांत गेम संपतो, पुढचे चौघं उतरतात.

आमच्यात एक काकू आहेत, वय अडुसष्ट. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी बॅडमिंटन कधीच सोडलं होतं. त्या किचनच्या रेषेमागे पॅडल छातीसमोर धरून उभ्या राहतात आणि मनगट जरासं वळवून चेंडू नेटच्या पलीकडे अलगद टाकतात. समोर इंजिनिअरिंगचा मुलगा असतो, तो मागच्या रेषेवरून धावत येईपर्यंत दुसरा टप्पा पडलेला असतो. आजी, कॉलेजातला मुलगा आणि शाळेतली मुलगी एकाच कोर्टावर, सारख्याच चुरशीने खेळतात असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

सध्या आम्ही सोसायटीच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये खडूने रेषा मारून खेळतो. खाली पेव्हर ब्लॉक आहेत. चेंडू दोन ब्लॉकच्या सांध्यावर पडला की भलतीकडेच उडतो, नाहीतर उसळतच नाही. सहा-साडेसहाला गाड्या परतायला लागल्या की नेट गुंडाळायचं. पावसाळ्यात शेवाळ धरतं, मग महिनेच्या महिने बंद.

खाजगी कोर्टं आहेत, नाही असं नाही. गेल्या दोन वर्षांत आसपासच्या बऱ्याच टर्फवाल्यांनी फुटबॉलच्या शेजारी पिकलबॉलही सुरू केलं. दर तासाला आठशे, सुट्टीच्या दिवशी हजार-बाराशे. चौघांत वाटले तरी माणशी दोनशेच्या खाली येत नाही. ज्यांना परवडतं ते जातात, आम्हीही अधूनमधून जातो. पण आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी अकरावीत आहे. आईची वाट बघत पार्किंगमध्ये बसायची, कुणीतरी एकदा हातात पॅडल दिली आणि आज ती आमच्या सगळ्यांत चांगली खेळते. आम्ही टर्फवर जातो तेव्हा ती येत नाही. तिचे पैसे आम्ही भरू म्हटलं तरी तिला ते आवडत नाही, आणि तिचं बरोबर आहे. सोसायटीच्या आवारात ती पाहुणी, टर्फवर ती दुसऱ्याच्या पैशावर. पालिकेच्या मैदानावर मात्र तिचा हक्क माझ्याइतकाच आहे. मला सार्वजनिक कोर्ट हवं आहे ते यासाठी.

आता मुद्द्याचं. आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर पालिकेच्या उद्यानाच्या कोपऱ्यात काँक्रीटचा एक मोठा चौथरा आहे. पूर्वी स्केटिंगसाठी केला असावा. सकाळी एक योगवर्ग तासभर असतो, संध्याकाळी लहान मुलं सायकली फिरवतात, बाकी वेळ रिकामा. आम्ही टेप लावून मोजला. दोन कोर्टं आरामात बसतात, चहूबाजूंना मोकळी जागा सोडून. आम्हाला नवीन बांधकाम नको, शेड नको, उद्घाटन नको. फक्त रेषा मारायची परवानगी आणि ठरलेल्या वेळा हव्यात. नेट आमचं घडीचं आहे, खेळ संपला की उचलून घरी.

क्षेत्रीय कार्यालयात तोंडी विचारून आले. कनिष्ठ अभियंत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लेखी द्या म्हणाले, आणि हा खेळ मान्यताप्राप्त आहे का, असं विचारलं. घरी येऊन माहिती गोळा केली ती अशी: १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर खेळ सुरू झाला. भारतात तो रुजवला सुनील वालावलकर यांनी, आणि सुरुवातीचं बरंचसं काम मुंबईतच झालं. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिली. अर्जात एवढं पुरेल का?

आणखी अडतंय ते असं. जागा उद्यान विभागाची आणि मागणी खेळाची, मग अर्ज उद्यान विभागाला, क्रीडा विभागाला की क्षेत्रीय कार्यालयाला? नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आपल्याकडे २००६ पासून आहे, त्यातून हे मागावं की साध्या परवानगीवर भागेल? आणि सगळ्यात मोठी काळजी: उद्या कोर्ट चाललं, गर्दी झाली आणि ते कुणाला चालवायला देऊन तासावर पैसे सुरू झाले, तर आपणच आपल्या हाताने मोकळी जागा घालवली असं होईल. ते होऊ नये म्हणून आधीच काय लिहून घ्यावं?

सायकलवाली मुलं आणि योगवर्ग यांना हुसकावून काहीही नको आहे, हे स्पष्ट सांगते.

प्रतिसाद

मी दुसऱ्या एका नगरपालिकेतून स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो. ताई, तुमची मागणी लहान आहे, ती लहानच ठेवा. ‘कोर्ट बांधून द्या’ म्हटलं की इस्टिमेट आलं, तरतूद आली, निविदा आली, आणि फाइल वर्षभर फिरते. ‘उपलब्ध चौथऱ्यावर रेषा आखण्यास व ठरावीक वेळेत खेळण्यास परवानगी मिळावी’ एवढंच लिहा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत उद्यान आणि क्रीडा विभागाला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आधी त्या जागेचं विकास आराखड्यातलं आरक्षण बघा. उद्यानाचं आरक्षण असेल तर पक्क्या बांधकामावर मर्यादा येतात, रेषांना सहसा अडचण नसते. जागेचा ताबा कोणत्या विभागाकडे आहे आणि ती कुणाला कराराने दिलेली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ही माहिती हातात असली की तुमचा अर्ज या विभागाकडून त्या विभागाकडे ढकलला जात नाही.

सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा: चौथरा, दोन कोर्टं, योगवर्गाची जागा, मुलांची जागा. त्याखाली दिवसभराच्या वेळा. सह्या घेताना फक्त खेळाडूंच्या नको, योगवर्गाच्या आणि त्या मुलांच्या पालकांच्याही घ्या. विरोध करू शकणाऱ्याची सही असलेला अर्ज नाकारणं कठीण जातं.

तांत्रिक बाजू. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण धरा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या डोळ्यात ऊन. चौथऱ्यावर बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं कुठे साचतं ते कळेल. उतार असावा, पण एकाच दिशेने आणि साधारण शंभर फुटांना एक फूट. भेगा असतील तर भरून घ्या, आणि कुणी पेव्हर बसवून देतो म्हणालं तर हात जोडा. ॲक्रिलिक थराच्या मागे आत्ताच लागू नका. घोटलेल्या काँक्रीटवर खेळ उत्तम होतो. फक्त ते फार गुळगुळीत नको, ओलं झालं की माणूस घसरतो.

प्रतिसाद

सिॲटलहून लिहितेय. तुम्ही उल्लेख केलेलं बेनब्रिज बेट इथून फेरीने पस्तीस मिनिटांवर आहे, आणि २०२२ पासून पिकलबॉल आमच्या राज्याचा अधिकृत खेळ आहे. तरीही इथेसुद्धा भांडण जागेवरूनच होतं. शहराने बऱ्याच टेनिस कोर्टांवर दुसऱ्या रंगात पिकलबॉलच्या रेषा मारल्या, लोक आपापलं नेट घेऊन येतात. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच. टेनिसवाले नाराज असतात, पण एकच जागा दोघं वापरतात आणि बहुतेक ठिकाणी निभतं.

सार्वजनिक कोर्टावर नंबर लावायची आमच्याकडची पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. कुंपणाला एक रॅक असतो. आलात की आपली पॅडल रॅकमध्ये शेवटी ठेवायची. कोर्ट रिकामं झालं की पुढच्या चार पॅडलवाले आत जातात. ओळखपाळख, क्लब, गट काही बघत नाहीत. एकटी गेले तरी खेळायला मिळतं. नवीन आले होते तेव्हा या रॅकमुळेच माझ्या ओळखी झाल्या. तुमच्या त्या अकरावीतल्या मुलीला कुणाला विचारावं लागू नये असं वाटत असेल, तर ॲपवरचं बुकिंग नको, रॅक ठेवा. चार खिळे आणि एक फळी पुरते.

प्रतिसाद

मी विरोध करत नाही, पण दुसरी बाजू सांगतो. आमच्या इमारतीला लागून असं कोर्ट झालं. पॅडलला चेंडू लागतानाचा टक-टक आवाज बॅडमिंटनसारखा नसतो, कडक असतो आणि त्याला ताल नसतो. सकाळी सहाला सुरू झाला की पुन्हा झोप लागत नाही. माझी आई अंथरुणाला खिळून आहे, तिला दुपारीही त्रास होतो. नियमात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण आकडा पाळूनही हा आवाज डोक्यात बसतो. चौथऱ्यापासून सर्वांत जवळची खिडकी किती फुटांवर आहे ते मोजलंत का? अर्ज द्यायच्या आधी त्या घरात जाऊन बोला.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार.

आवाजाचा मुद्दा वाचून आज संध्याकाळीच आम्ही चौघं तिकडे गेलो. एकाने चौथऱ्यावर चेंडू मारत राहायचं आणि बाकीच्यांनी सगळ्यांत जवळच्या इमारतीच्या गेटपाशी उभं राहायचं असं केलं. मध्ये रस्ता आणि झाडं आहेत, तरी आवाज येतो. रहदारी असताना कळत नाही, रस्ता रिकामा झाला की स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा सकाळी सातच्या आधी नाही, दुपारी एक ते चार नाही आणि रात्री साडेआठनंतर नाही, असं आम्हीच अर्जात लिहून देणार. त्या बाजूच्या इमारतीत रविवारी जाऊन पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरांशी बोलायचं ठरलं आहे. त्यांना पटलं नाही तर रस्त्याच्या बाजूचं कोर्ट सोडून आतल्या बाजूचं एकच मागू. आईंबद्दल वाईट वाटलं. तुमच्याकडच्या खेळणाऱ्यांशी वेळांबद्दल बोलून बघा, कदाचित त्यांना माहीतच नसेल.

अभियंता काका, पाण्याची बादली ओतून बघितली. आग्नेय कोपऱ्यात डबकं होतं, बाकी पाणी पंधरा मिनिटांत ओसरलं. लांबी मात्र पूर्व-पश्चिम धरली तरच दोन कोर्टं बसतात. उत्तर-दक्षिण धरलं तर एकच नीट बसतं. आता आवाजाचं बघता एकावर यावं लागलं तर उत्तर-दक्षिणच घेऊ. योगवर्गाच्या बाईंनी सही द्यायचं कबूल केलंय. त्यांची अट एकच, खडूची पूड सतरंजीला लागू नये. म्हणजे रेषा रंगाच्याच हव्यात, आणि त्या रंगाला परवानगी लागणारच.

सिॲटलच्या ताई, रॅकची कल्पना फार आवडली. फळी आमच्याकडच्या एका सुतारकाम करणाऱ्या काकांनी लगेच देऊ केली. ‘कोर्टावर पूर्वनोंदणी अथवा शुल्क असणार नाही, येईल त्या क्रमाने खेळ मिळेल’ हे वाक्य अर्जात घालते. उद्या कुणाला चालवायला द्यायचा विषय निघाला तर निदान ते कागदावर असेल. याहून पक्कं काही करता येतं का? म्हणजे परवानगीच्या पत्रातच ही अट त्यांच्याकडून लिहून मिळते का? कुणाला मिळाली असेल तर त्या पत्रातली भाषा (नावं वगळून) इथे टाकाल का?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज उद्या देतेय. परवानगीच्या अर्जाचा मसुदा रविवारी त्या इमारतीत जाऊन आल्यावर इथेच टाकेन, त्यात दुरुस्त्या सुचवा. आणि सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी भागातलं कुणी हा धागा वाचत असेल तर विचारपूस करा. सह्या हव्याच आहेत, आणि पॅडल नसली तरी या, आमच्याकडे जास्तीच्या आहेत.