अप्रोचवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) ऑटोपायलट लावलेला असताना पायलट मॉनिटरिंगने नेमकं काय बघायचं?

सेसना_बारामती:
नमस्कार मंडळी. बारामतीत सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) पूर्ण केलं, आता ए-३२० च्या टाइप रेटिंगची (त्या विमानासाठीच्या खास पात्रतेची) तयारी चालू आहे. आतापर्यंत सगळं हाताने उडवलंय. पुस्तकात लिहिलंय की पायलट मॉनिटरिंग (जो त्या वेळी उडवत नसतो, तो दुसरा वैमानिक) ऑटोमेशनवर लक्ष ठेवतो. लक्ष ठेवतो म्हणजे डोळे कुठे? वेग, उंची, एफएमए (ऑटोपायलटचे चालू मोड दाखवणारी पट्टी), इंजिन, बाहेरची धावपट्टी, एवढं सगळं एकदम कसं बघणार? आणि ऑटोपायलटने लोकलायझर (धावपट्टीच्या रेषेचा सिग्नल), ग्लाइड स्लोप (खाली येण्याच्या उताराचा सिग्नल) दोन्ही नीट धरले असतील तर बिघडणार काय? कोणी जुन्याजाणत्याने समजावून सांगितलं तर बरं होईल.

निवृत्त_कॅप्टन_सातारा:
तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. ग्लाइड स्लोप अगदी मधोमध आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं बिलकूल नाही.

२५ फेब्रुवारी २००९, अ‍ॅमस्टरडॅमचं स्किपोल. टर्किश एअरलाइन्सचं ७३७-८०० इस्तंबूलहून येत होतं. सुमारे १९५० फुटांवर डाव्या रेडिओ अल्टिमीटरने (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राने) एकदम उणे ८ फूट दाखवलं. ऑटोथ्रॉटल (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) डाव्याच अल्टिमीटरचं ऐकायचं. त्याला वाटलं विमान जमिनीला टेकतंय, म्हणून त्याने रिटार्ड मोड (टेकताना पॉवर काढून घेणारा) घेऊन थ्रॉटल आयडलला (सर्वात कमी पॉवरवर) आणले. ऑटोपायलट मात्र उजव्या बाजूचा होता आणि उजवा अल्टिमीटर धडधाकट होता. ग्लाइड स्लोप सोडायचा नाही एवढंच त्याला ठाऊक, म्हणून तो नाक वर वर उचलत गेला. सुया मधोमध, आणि वेग ठरवलेल्या १४४ नॉटवरून खाली खाली.

कॉकपिटमध्ये तिघे होते. तिघांच्याही वेळेत का लक्षात आलं नाही? ग्लाइड स्लोप त्यांनी वरून पकडला होता. वरून खाली येताना थ्रॉटल आयडलला जाणारच, त्यामुळे चुकीचा आयडल बरोबर आयडलच्या आड लपला. वर लँडिंग चेकलिस्टही उशिरापर्यंत चालू होती. साधारण ४६० फुटांवर स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा) वाजला. थ्रॉटल पुढे ढकलले, पण ऑटोथ्रॉटल चालूच असल्याने ते पुन्हा मागे आले. विमान धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे शेतात पडलं. १३५ पैकी ९ जण गेले, त्यात कॉकपिटमधले तिघेही.

आता डोळे कुठे, ते सांगतो. एकदम सगळीकडे बघायचं नसतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात विमान काय करणार, हे आधी मनात पक्कं करायचं आणि मग ते तसंच करतंय का ते पडताळायचं. एफएमएवर मोड बदलला की नव्या मोडभोवती दहा सेकंद चौकट दिसते. ती दिसताच मोड मोठ्याने वाचायचा. बदल तू मागितलेला नसेल तर तिथेच थांबून विचारायचं, का बदलला? आयएलएसवर (या दोन सिग्नलच्या आधारे उतरताना) ए-३२० मध्ये डावीकडून स्पीड, जी/एस (ग्लाइड स्लोप), लॉक (लोकलायझर) असं हिरव्यात दिसायला हवं. पहिल्या रकान्यात 'स्पीड'ऐवजी दुसरं काही असेल, तर वेग सांभाळायला कोणी नाही असं समज.

त्यानंतर वेगाच्या पट्टीवरचा पिवळा बाण. दहा सेकंदांनी वेग किती असेल ते तो सांगतो. आकड्याआधी बाण बघायची सवय लाव.

एव्हिऑनिक्सवाला:
कॅप्टन साहेबांच्या बोलण्यात आमच्या बाजूची भर. स्किपोलच्या विमानाच्या रेकॉर्डरमध्ये आधीच्याही फ्लाइट होत्या. त्यात हाच बिघाड दोनदा उतरताना झालेला दिसतो, आणि दोन्ही वेळा वैमानिकांनी ऑटोथ्रॉटल काढून हाताने पॉवर दिली आणि विमान सुखरूप उतरवलं. म्हणजे यंत्र तेच, बिघाड तोच. पोरा, असं काही झालं तर उतरल्यावर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) नक्की लिही. 'आता ठीक चाललंय' म्हणून सोडून दिलेली नोंद आमच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पुढच्या क्रूच्या वाट्याला तोच अल्टिमीटर येतो.

सेसना_बारामती:
दोघांचेही आभार. कॅप्टन सर, ७३७ मध्ये थ्रॉटल हाताखाली हलतात. एअरबसमध्ये ते जागचे हलतच नाहीत ना? मग हाताला कळणार कसं?

निवृत्त_कॅप्टन_सातारा:
हाताला कळत नाही, म्हणून तर एन-१ (इंजिनाच्या पंख्याच्या फिरण्याचा आकडा) बघायचा. आपल्याकडची आठवण ठेव. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सची ६०५, मुंबईहून बंगळूरला जाणारं ए-३२०. शेवटच्या टप्प्यात विमान ओपन डिसेंटमध्ये राहिलं. त्या मोडमध्ये इंजिनं आयडलवर असतात आणि वेग नाकाने सांभाळायचा असतो. एका बाजूचा फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) चालू राहिला, त्यामुळे ऑटोथ्रस्ट (एअरबसचा ऑटोथ्रॉटल) स्पीड मोडमध्ये गेलाच नाही. विमान गोल्फच्या मैदानावर टेकलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. मुंबईतून निघालेली माणसं होती ती. टाइप रेटिंग करणाऱ्या प्रत्येक पोराला हे माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून १००० फुटांचा कॉल तोंडदेखला करू नकोस. चाकं खाली, लँडिंग फ्लॅप, वेग मर्यादेत, खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत आणि इंजिनं आयडलच्या वर. ही शेवटची गोष्ट पोरं पटकन ओलांडून जातात. दराचा हिशोब सोपा आहे. तीन अंशाच्या उतारावर ग्राउंड स्पीडला (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाला, नॉटमध्ये) पाचने गुण. १४० असेल तर ७०० च्या आसपास. ११०० दिसत असेल तर काहीतरी बिनसलंय. पावसाळ्यात मुंबईच्या धावपट्टी २७ वर उतरताना समोर वायपर आणि पाणीच दिसतं, तेव्हा हा आकडा फार कामाला येतो.

आणि बोलायला लाजू नकोस. शेजारी कितीही वरिष्ठ कॅप्टन असो, वेग घसरला की 'स्पीड' म्हणायचं. 'सर, जरा वेग कमी वाटतोय का' असं नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा म्हण. दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर 'आय हॅव कंट्रोल' म्हण आणि गो-अराउंड घे (उतरणं सोडून पुन्हा वर जा). सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टरला सांगून हा प्रसंग मुद्दाम करून घे, दोन्ही सीटवरून.